शीग आणि काटा

मैद्याच्या पिशवीत कप खुपसायचा, भरून वर काढायचा, ओट्यावर दोनदा आपटायचा, तळहाताने दाबायचा आणि वर पुन्हा मूठभर घालायचे. घरोघरी हात असाच चालतो. दुसरी रीत सावकाश आहे. मैदा चाळून घ्यायचा, चमच्याचमच्याने त्याच कपात अलगद पडू द्यायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा उंचवटा कापून टाकायचा. कप तोच, मैदा तोच, भरणारा हातही तोच. पण काट्यावर ठेवल्यावर दुसऱ्या रीतीचा मैदा १२० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि पहिल्या रीतीचा १५० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमवर जातो. पाऊण कप मैदा कुणाला न विचारता आत शिरलेला असतो. मग केक वरून भेगाळतो, आतून कोरडा निघतो, घास घशाशी अडतो आणि दोष जातो अंड्यांना, सोड्याला, नाहीतर आचेला.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर चिंचपाडा हे गाव आहे. मावची, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी वस्तीचा हा पट्टा. गावात ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, तालुक्यात ठिकठिकाणी चर्च आहेत, तेव्हा नाताळ इथे घरचा सण आहे. केकसाठी ओव्हन असलाच पाहिजे असेही नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा मीठ तापवायचे, त्यावर एखादी रिंग ठेवायची, तुपाचा हात फिरवलेला डबा त्यात उतरवायचा आणि झाकणावर काहीतरी जड ठेवायचे. आच हाताच्या अंदाजाने कमीजास्त करता येते. मैद्याचे प्रमाण चुकले तर मात्र कुठलीही आच ते भरून काढत नाही.

ज्या घरात हा डबा पातेल्यात उतरतो, त्याच घरात लूकचे शुभवर्तमानही वाचले जाते. त्याच्या सहाव्या अध्यायात येशू देण्याबद्दल बोलतो. जो देतो त्याला कसे परत मिळेल हे सांगताना तो धान्याचे माप श्रोत्यांपुढे उभे करतो. असे माप, की ज्यात धान्य दाबले आहे, हलवून बसवले आहे आणि वर इतके रचले आहे की ते सांडते आहे. आणि हे सगळे घेणाऱ्याच्या पदरात रिकामे होते. मराठी अनुवादात इथे ‘शीग’ हा शब्द येतो. भाषांतरकाराला तो शोधावा लागला नसणार, तो खळ्यावर पडलेलाच होता.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. दाबणे, हलवणे आणि शीग लावणे या तीन कृतींनी देवाचे औदार्य सांगितले गेले, आणि नेमक्या याच तीन कृती केक बिघडवतात. स्वयंपाकाची साधी अडचण इथे धर्माच्या जुन्या प्रश्नाला येऊन भिडते. नेमके मोजणे आणि भरभरून देणे ही एकमेकांच्या विरोधातली कामे आहेत का? जो काट्यावर ग्रॅम पाहतो, त्याचा हात आखडता असतो का?

शीग म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय उत्तर सापडणार नाही. काठोकाठ भरलेल्या मापावर धान्याचा जो शंकू उभा राहतो, ती शीग. ती धान्याच्या स्वभावावर उभी राहते. बाजरी आणि नागली बारीक, गोल, गुळगुळीत. त्यांचा दाणा घरंगळतो, शीग बुटकी राहते. पीठ एकमेकाला धरून बसते, त्याची शीग उंच चढते. शिवाय मापाचे तोंडही पाहावे लागते. दोन मापांत सपाट भरल्यावर सारखेच धान्य मावत असेल, पण एकाचे तोंड दुसऱ्याच्या दुप्पट रुंद असेल, तर त्या रुंद तोंडाच्या शिगेत आठपट दाणे बसतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे कोष्टक पाठ असणाऱ्यालाही शीग कोष्टकात बसवता येत नसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने तिला बसवायचा प्रयत्न केला. तिथे वजनमापांवर देखरेख ठेवायला पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. मापे वाळलेल्या कठीण लाकडाची हवीत आणि शीग मापाच्या चौथ्या हिश्शाएवढी हवी, किंवा तिचा हिशेब मापाच्या पोटातच धरलेला हवा, असे त्यात सांगितले आहे. पातळ पदार्थांना शीग उभी राहत नाही, म्हणून त्यांचे माप आतल्या हिशेबाचे. राज्य चालवणाऱ्याला शिगेची इतकी काळजी का वाटावी? कारण भांडणे तिथेच होत.

पण शेतकऱ्याच्या मनात शीग भांडणाची जागा नव्हती. महाराष्ट्रात खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. मोजणीची सुरुवातच आकड्याऐवजी आभाराने होई. लग्न होऊन घरात येणारी सून उंबरठ्यावरचे तांदळाचे माप पायाने लवंडून आत येते. त्या दाण्यांचे वजन कुणी करत नाही आणि त्यांनी सांडावे अशीच अपेक्षा असते. सातपुड्याच्या डोंगरात, गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातल्या देवमोगऱ्याला याहा मोगीची यात्रा महाशिवरात्रीला भरते. नंदुरबारचे आदिवासी टोपल्यांतून नवे धान्य घेऊन तिथे जातात. दुष्काळात लोकांना धान्य पुरवणारी ती देवी आहे. तिच्या कोठाराला तळ नाही अशी श्रद्धा असताना तिथे काटा लावायचा कशाला?

तरीही ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार मराठीनेच घडवला आहे.

सावकाराच्या दुकानात घ्यायचे माप मोठे आणि द्यायचे लहान, ही तक्रार खानदेशातल्या आदिवासी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. ती चिंचपाड्याच्या मातीइतकीच पॅलेस्टाइनच्या मातीतही जुनी आहे. बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात घरात दोन प्रकारची वजने आणि दोन प्रकारची मापे ठेवायला मनाई आहे. आमोस या संदेष्ट्याने तर व्यापाऱ्याची दोन्ही हातांची चलाखी एकाच वाक्यात पकडली. धान्य द्यायचे एफाचे माप तो लहान करतो आणि चांदी घ्यायचे शेकेलचे वजन वाढवतो. एक आकारमानाची लबाडी, दुसरी वजनाची. कुराणातल्या ८३व्या सूरेचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून पडले आहे. घेताना पुरेपूर भरून घेणारे आणि देताना कमी देणारे लोक तिच्या पहिल्याच आयतींमध्ये येतात. जैन परंपरेत उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने चोरी न करण्याच्या अणुव्रताला लागणारे दोष मोजले, त्यात ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. त्यातला ‘मान’ म्हणजे भरून मोजण्याचे माप आणि ‘उन्मान’ म्हणजे तराजूचे वजन. एकाच समासात दोन्ही पकडणारी ही नजर थक्क करते. ज्या परंपरेचे अनुयायी मोठ्या प्रमाणावर व्यापारी होते, तिने आपल्याच पेढीवरचा मोह इतक्या बारकाईने ओळखला होता.

शिगेचा खेळ असा की उदार हात आणि लबाड हात तिथे शेजारी शेजारी काम करतात. देणारा शीग लावतो, तेव्हा ती माया. विकणारा बोटाच्या एका हालचालीने शीग पाडतो, तेव्हा ती चोरी. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा हातच दिसतो. मूळ देणे किती होते हे ठरलेलेच नसेल, तर वर किती दिले आणि आत किती मारले हे सांगणार कोण? काटा याच ठिकाणी कामाला येतो. भारतात मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर जाऊन किलो आला. बाजार समितीत शेतमाल तोलणाऱ्याला मात्र आजही मापाडी म्हणतात, समोर इलेक्ट्रॉनिक काटा असला तरी. आणि पक्षपाताला मराठी माणूस ‘झुकते माप’ म्हणतो. खरे तर माप झुकत नाही, पारडे झुकते. भाषेने दोन वेगळी साधने एकाच शब्दात विरघळवली, कारण व्यवहारातही ती अशीच मिसळलेली होती.

ही मिसळ धर्माच्या कामात चालत नाही हे ज्यांना जाणवले, त्यांत मोझेस मायमोनिडीज हे नाव मोठे आहे. स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मलेला आणि इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा हा ज्यू तत्त्वज्ञ १२०४ साली वारला. देवाला गुणविशेषणे लावता येतात का, या प्रश्नावर तो इतका खोल गेला की पुढची आठशे वर्षे लोक त्यावर वाद घालत राहिले. त्याच माणसाने पिठाचे वजन केले. प्रसंग असा. गणना या ग्रंथात मळलेल्या कणकेतला पहिला गोळा देवासाठी बाजूला काढण्याची आज्ञा आहे. पण किती पीठ मळले म्हणजे ही आज्ञा लागू होते? जुन्या आचार्यांनी उत्तर दिले होते ४३ पूर्णांक एक पंचमांश अंड्यांएवढ्या आकारमानाचे. अंडी काठोकाठ भरलेल्या पाण्यात सोडून बाहेर सांडणारे पाणी मोजण्याची रीतही पुढच्या ग्रंथांत आढळते. मायमोनिडीजने तेवढे माप भरले, तोलले आणि लिहून ठेवले की ते सुमारे ५२० दिरहम भरते. इथे त्याची सचोटी पाहण्यासारखी आहे. हा आकडा इजिप्तच्या गव्हाच्या पिठाचा आहे, असे त्याने नमूद केले. गहू बदलला की आकडा बदलेल हे त्याला ठाऊक होते. कपाचे ग्रॅम करणारे कोष्टक बनवणाऱ्या प्रत्येकाने हीच गोष्ट सांगायला हवी, आणि बहुतेक कोष्टके ती सांगत नाहीत. एक कप मैदा १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी २२७ ग्रॅम, असे आकडे छापून येतात. ते कोणत्या कपाचे हे विचारावे लागते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीलिटरचा असतो, मेट्रिक कप २५०चा.

मुसलमानांच्या ईदुल फित्रला दिल्या जाणाऱ्या फित्र्याची गोष्ट याहूनही आपल्या जवळची आहे. रमजान संपताना घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला धान्य द्यायचे असते आणि त्याचे माप आहे ‘साअ’. एक साअ म्हणजे चार मुद, आणि एक मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. मापाच्या मुळाशी माणसाचा देह आहे, आपल्या मुठीत आणि पशात आहे तसाच. पण माणसे वेगवेगळी, गावे वेगवेगळी, आणि इराकातला साअ मदिनेच्या साअपेक्षा मोठा निघाला. इमाम अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ मदिनेला गेले, तेव्हाची एक हकिकत सांगतात. तिथल्या जुन्या घरांतली माणसे आपापल्या घरातले माप पदराआड घेऊन आली. हे माझ्या वडिलांनी वापरले, त्यांनी आजोबांकडून घेतले, असे प्रत्येकाने सांगितले. अबू यूसुफांनी ती मापे तपासली, ती एकमेकांशी जुळली, आणि त्यांनी आपल्या गुरूचे मत सोडले. पढीक माणसाने म्हाताऱ्यांच्या धान्याच्या भांड्यापुढे आपला युक्तिवाद खाली ठेवला, ही या विषयातली सर्वांत सुंदर घटना म्हणावी लागेल. भारतात हनफी पंथाचे लोक गव्हाचा अर्धा साअ देतात. ग्रॅममध्ये तो किती, यावर आजही दोन मते आहेत. काही उलेमा १ किलो ६३३ ग्रॅम सांगतात, काही २ किलो ४५ ग्रॅम. आकारमानाचे वजन करताना पडणारी फट इथे ४१२ ग्रॅमची आहे. मग अनेक घरांत सरळ अडीच किलो गहू किंवा त्याचे पैसे दिले जातात. आधी नेमका आकडा काढायचा आणि मग त्याच्यापुढे जायचे. काट्याची आणि शिगेची एकमेकांशी ओळख होते ती इथे.

शुभवर्तमानातही एक स्त्री पीठ मळते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात ती तीन मापे पिठात खमीर लपवते आणि सगळे पीठ फुगते. दृष्टान्त छोटा आहे, ऐकणारा घरच्या परातीची कल्पना करतो. पण ते माप अभ्यासक ७ ते १३ लिटरचे धरतात. लिटरमागे अर्धा किलो पीठ धरले तरी तीन मापांचे दहा ते वीस किलो होतात. एका घराच्या जेवणाला इतके पीठ लागत नाही, एवढ्यात वाडी जेवते. म्हणजे इथे वजन केल्यावरच औदार्य दिसले. मापाच्या नावात ते दोन हजार वर्षे झाकलेले राहिले असते.

मराठी स्वयंपाकघराला काटा लागला नाही, याचे कारण आपल्या बायकांचा अजागळपणा नव्हे. ते गणित वेगळे होते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७०मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या प्रमाणाने घराघरांत पोचले. वाटी कितीची हे महत्त्वाचे नव्हते, सगळे एकाच वाटीने मोजले म्हणजे झाले. एक वाटी रव्याला अमुक साखर, तमुक पाणी. वाटी मोठी असली तर शिरा जास्त होतो, बिघडत नाही. हे प्रमाणाचे शास्त्र आहे आणि ते पक्के आहे. केक त्यातून निसटतो तो अंड्यामुळे. अंडे वाटीने मोजत नाहीत, ते आपले पन्नासेक ग्रॅम वजन घेऊनच येते, आणि मग बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. फॅनी फार्मर या अमेरिकी शिक्षिकेने १८९६च्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचा सुरीने सपाट करूनच मोजावा असा आग्रह धरला, आणि घरगुती स्वयंपाकात मोठी शिस्त आणली. तिने शीग कापली खरी. कपात मैदा किती दाबून बसला आहे, हे मात्र सुरीला कळत नाही.

बेकरीवाल्यांना हे आधीपासून माहीत होते. घरचा मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजून आणायला बेकरीत गेलेल्या कुणालाही आठवेल की तिथे सगळा व्यवहार किलोचा. किलोभर मैद्याला तूप किती, साखर किती, हे भट्टीवरच्या माणसाला तोंडपाठ. ज्या नानकटाईची जन्मकथा सुरतेशी जोडली जाते, ते शहर चिंचपाड्याच्याच रेल्वेमार्गावर आहे.

काट्यावर आक्षेप घेणारे म्हणतील, वजनाने माणूस कोरडा होतो. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. वजनही निरपेक्ष नसते. पावसाळ्यात उघड्या डब्यातला मैदा हवेतले पाणी ओढून घेतो, आणि शंभर ग्रॅममध्ये थोडा पाऊसही तोलला जातो. किलो म्हणजे काय हेसुद्धा पॅरिसजवळच्या एका धातूच्या ठोकळ्यावरून २०१९पर्यंत ठरत होते. २० मे २०१९पासून ते निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधले गेले. काटा हासुद्धा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. त्याच्या बाजूने बोलण्यासारखी एकच गोष्ट आहे, पण ती मोठी आहे. समोरच्याचे हक्काचे किती, हे काटा त्याला दाखवतो. लिहिता-वाचता न येणारी बाई मोहाची फुले घेऊन दुकानाशी उभी असते, तेव्हा दुकानदाराच्या बोटांच्या मायेवर तिचा दिवस अवलंबून राहू नये, यासाठीच हा करार आहे. हक्काचे पुरते तिच्या हातात पडल्यावर जे वर पडेल, त्यालाच भेट म्हणता येते. त्याआधीची शीग दानाच्या नावाखाली थकलेली उधारी असू शकते.

लूकच्या त्या ओळीत माप कोणाचे आहे हे विसरू नये. तिथे शीग लावणारा देणारा आहे, विकणारा नाही, आणि ते पदरात पडते. केकचे मिश्रण कुणाला दान दिले जात नाही. मैद्याचे अंड्याशी आणि सोड्याशी देणेघेणे असते, आणि देण्याघेण्यात नेमकेपणा हीच सचोटी.

तेव्हा नाताळाच्या आदल्या दिवशी पातेल्यातली वाळू तापत असताना मैदा काट्यावर पडू द्यावा, तीन कपांचे ३६० ग्रॅम म्हणजे ३६०. लोणी आणि साखरही तशीच. मग मनुका, काजू, टुटीफ्रुटी यांची पाळी येते, आणि तिथे काटा बाजूला सरकवता येतो. थोड्या मैद्यात घोळवून घातलेल्या मनुका मूठभर वाढल्या तरी केक रागावत नाही. ओंजळीने घालाव्यात, वर आणखी चार. ओट्याशी उभ्या असलेल्या पोराचा हात मध्ये आला, तर त्यातल्या काही तिथेच संपतात.